मालकी बदलली, कोड निष्क्रिय झाला, बदली सापडत नाही : स्नोमेड सीटीतला नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

स्नोमेड सीटी म्हणजे आजार, तपासण्या, औषधं अशा गोष्टींना कोड देणारी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसूची. तिची नवी रिलीज चढवली की काही दिवसांतच कुणीतरी विचारतं, मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झालेल्या रुग्णांची यादी अचानक आखूड कशी झाली? रुग्ण तेच, नोंदी त्याच, अहवालाच्या क्वेरीला कुणी हात लावलेला नाही. खणत गेलं की कळतं, काही नोंदींमधला कोड आता निष्क्रिय आहे आणि त्याच्या जागी कोणता घ्यायचा हे फायलींत कुठेच सरळ लिहिलेलं नाही. एखाद्या एक्स्टेंशनमधले, म्हणजे देशाने किंवा संस्थेने मूळ सूचीला जोडलेल्या पुरवणीतले, कन्सेप्ट (एकेका कोडामागचे अर्थ) एका संस्थेकडून दुसरीकडे गेले की हे हमखास होतं. एकदा निस्तरलं तरी पुढच्या हस्तांतराला पुन्हा तेच.

यादी का आटते ते आधी समजून घेऊ. निष्क्रिय कन्सेप्टला सक्रिय नाती उरत नाहीत. त्याची 'इज अ' ('हा त्याचा एक प्रकार') नाती बंद होतात, म्हणजे तो उतरंडीतून बाहेर पडतो. मग 'मधुमेह आणि त्याखालचं सगळं' असं विचारलं की उत्तरात तो कोड येत नाही, आणि त्या कोडाने नोंदलेला रुग्णही येत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये लाल ओळ दिसत नाही, फक्त आकडा कमी होतो. अहवालात हे किमान कुणाच्या तरी लक्षात येतं. तोच कोड औषधाच्या अ‍ॅलर्जीचा असेल तर डॉक्टरांच्या पडद्यावर जो इशारा उमटायला हवा तो उमटत नाही, आणि न उमटलेला इशारा कुणाला दिसत नाही. म्हणून हे काम टर्मिनॉलॉजीवाल्या एका माणसाच्या कोपऱ्यातलं किरकोळ काम समजू नये. रिलीज चढवण्याच्या कामातलं हे सगळ्यात जबाबदारीचं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

'सापडत नाही' आणि 'निष्क्रिय आहे' यांत फरक करा

तक्रार आली की पहिला प्रश्न हाच. टर्मिनॉलॉजी सर्व्हरला, म्हणजे कोडांची माहिती देणाऱ्या सर्व्हरला, तो कोड विचारा. स्नोस्टॉर्म असो, ऑन्टोसर्व्हर असो वा दुसरा कुठलाही फायर (FHIR, आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचं मानक) सर्व्हर, लुकअपचं उत्तर दोनपैकी एका प्रकारचं येईल. कोड आहे पण निष्क्रिय आहे, किंवा असा कोडच नाही.

'असा कोडच नाही' असं उत्तर आलं तर कन्सेप्ट निवृत्त झालेला नसण्याची शक्यता मोठी. आरएफ२ मध्ये, म्हणजे स्नोमेडच्या फायलींच्या ठरलेल्या स्वरूपात, ओळ कधी पुसली जात नाही. एकदा प्रसिद्ध झालेला कन्सेप्ट निष्क्रिय होईल, पण फुल फाइलमध्ये त्याचा सगळा इतिहास राहतो. तेव्हा कोड मुळातच सापडत नसेल तर कारण बहुधा तीनांपैकी एक. देणाऱ्या संस्थेने पॅकेज बनवताना त्या ओळी काढूनच टाकल्या. किंवा तुमच्या लोडरने (फायली चढवणाऱ्या प्रोग्रामने) मॉड्यूल, म्हणजे ती ओळ कुणाच्या ताब्यात आहे हे सांगणारा गट, पाहून गाळणी लावली आणि नव्या मॉड्यूलखाली आलेली ओळ गाळली गेली. किंवा तुम्ही चुकीच्या आवृत्तीला विचारताय. फायरमध्ये आवृत्तीच्या पत्त्यातच मॉड्यूलचा आयडी आणि तारीख असते. एक्स्टेंशनमधून आंतरराष्ट्रीय आवृत्तीत गेलेला कन्सेप्ट नव्या तारखेच्या आवृत्तीत दिसेल, जुन्या तारखेच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत दिसणार नाही.

चौथं एक कारण आहे. ते इतकं क्षुल्लक वाटतं की सगळ्यात शेवटी तपासलं जातं, म्हणून इथे आधीच सांगतो. हस्तांतराच्या याद्या एक्सेलमधून फिरतात, आणि एक्सेल आकड्याचे १५ अंकच नीट सांभाळतं. स्नोमेडचा आयडी १८ अंकांपर्यंत लांब असू शकतो. ९०००००००००००५२४००३ हा आयडी एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडून पुन्हा साठवला की ९०००००००००००५२४००० होऊन बसतो. एक्स्टेंशनचे आयडी मुळातच लांब, त्यामुळे फटका त्यांनाच जास्त. आयडीचा शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. आलेल्या यादीवर ती तपासणी एकदा चालवली की असे मोडलेले आयडी लगेच उघडे पडतात. आयडीचा रकाना टेक्स्ट म्हणूनच ठेवा आणि समोरच्याकडूनही तसाच मागा.

आकड्यावरून मालक ओळखू नका

बरेच अनुभवी लोकही इथे फसतात. एक्स्टेंशनच्या आयडीत नेमस्पेस, म्हणजे तो आयडी देणाऱ्या संस्थेचा क्रमांक, दडलेला असतो. उदाहरणार्थ ६०९५१०००११९१०५, म्हणजे टाइप २ मधुमेहामुळे आलेलं अंधत्व. शेवटचा ५ हा तपासणी अंक. त्याआधीचे १० सांगतात की हा एक्स्टेंशनच्या पद्धतीने दिलेला कन्सेप्टचा आयडी आहे. त्याआधीचे सात अंक, १०००११९, म्हणजे नेमस्पेस. उरलेला ६०९५ हा त्या नेमस्पेसमधला क्रमांक. भारताच्या राष्ट्रीय एक्स्टेंशनच्या कोडांत याच जागी १०००१८९ दिसतं. आंतरराष्ट्रीय गाभ्यातल्या आयडीत नेमस्पेस नसतोच, आणि तिथे १० च्या जागी ०० असतं.

आता हा अंधत्वाचा कोड पाहा. अमेरिकेतल्या कैसर पर्मनन्टे या आरोग्यसेवा संस्थेने आपल्या डॉक्टरांसाठी सीएमटी नावाची शब्दसंपदा बांधली होती आणि २०१० मध्ये ती दान केली. तिच्यातलं पुष्कळसं पुढे आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आलं. आयडी मात्र तसेच राहिले. म्हणजे आकडा एक्स्टेंशनचा आणि मालकी आंतरराष्ट्रीय. नेमस्पेस सांगतो की हा कन्सेप्ट जन्माला कुठे आला. आज तो कुणाकडे आहे, त्यात बदल कोण करणार, तो निवृत्त कोण करणार, हे फक्त मॉड्यूल आयडीचा रकाना सांगतो. आंतरराष्ट्रीय गाभ्याचं मॉड्यूल ९०००००००००००२०७००८.

तेव्हा तुमच्या लोडरमध्ये किंवा अहवालांत 'आयडीत अमुक नेमस्पेस असेल तर तो अमुक संस्थेचा' असा नियम कुठे लिहिलेला असेल तर तो आजच काढा. ज्या हस्तांतरात आयडी तसाच राहतो आणि फक्त मॉड्यूल बदलतं, ते सगळ्यात स्वच्छ हस्तांतर. तिथे निवृत्त काहीच होत नाही, रुग्णाच्या नोंदींना काही होत नाही. एवढं चांगलं हस्तांतर तुमच्याकडे बिघडलेलं दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा असल्या गाळणीतच सापडतो.

फुल फाइलमधून सगळ्या ओळी काढा

स्नॅपशॉट, म्हणजे फक्त ताज्या ओळींची फाइल, बाजूला ठेवा. तुमच्या आवृत्तीत येणाऱ्या सगळ्या पॅकेजांच्या फुल फाइली घ्या आणि त्या आयडीच्या कन्सेप्ट फाइलमधल्या सगळ्या ओळी काढा. मॉड्यूलची अट लावू नका. इफेक्टिव्ह टाइमच्या, म्हणजे ओळ लागू झाल्याच्या तारखेच्या, क्रमाने मांडा. पाच रकाने आहेत: आयडी, इफेक्टिव्ह टाइम, अ‍ॅक्टिव्ह, मॉड्यूल आणि डेफिनिशन स्टेटस. कन्सेप्टचा सगळा प्रवास या चारदोन ओळींत डोळ्यांसमोर येतो.

जुन्या मॉड्यूलखाली सक्रिय ओळ, मग नव्या मॉड्यूलखाली नंतरच्या तारखेची सक्रिय ओळ असं दिसलं तर फायलींत काही बिघाड नाही, तुमचा लोडर तपासा.

जुन्या मॉड्यूलखाली सक्रिय, नव्या मॉड्यूलखाली सक्रिय, आणि त्यानंतरच्या तारखेला पुन्हा जुन्या मॉड्यूलखाली निष्क्रिय, असं दिसलं तर त्रासाचं मूळ सापडलं. देणाऱ्या संस्थेने कन्सेप्ट हवाली केला आणि पुढच्या रिलीजमध्ये 'आता आमच्याकडे नाही' म्हणून स्वतःकडे तो बंद केला. हेतू चांगला, परिणाम वाईट. स्नॅपशॉट बनवताना प्रत्येक आयडीची सगळ्यात ताजी ओळ घेतात, आणि ताजी ओळ निष्क्रिय निघाली. घेणाऱ्याकडे जिवंत असलेला कन्सेप्ट एकत्रित आवृत्तीत मेलेला दिसतो. यावर खरा उपाय एकच. घेणाऱ्या संस्थेने आपल्या मॉड्यूलखाली त्याहून ताज्या तारखेची सक्रिय ओळ काढायची, आणि देणाऱ्याने पुन्हा त्या आयडीला हात लावायचा नाही. तोवर तुमच्याकडे तात्पुरता अपवाद लावावा लागेल. तो लावा, पण आयडी, कारण आणि तारीख यांसकट वेगळ्या तक्त्यात लावा. लोडरच्या कोडमध्ये पुरलेला अपवाद दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही, आणि मूळ फायली दुरुस्त झाल्यावरही तो चालूच राहतो.

काही पॅकेजांत याच्या उलट होतं. एकाच आयडीच्या दोन मॉड्यूलांखालच्या दोन ओळी स्नॅपशॉटमध्ये शेजारी शेजारी येतात, कारण दोन पॅकेजांचे स्नॅपशॉट नुसते जोडलेले असतात. मग अर्थांच्या शोधात तोच कन्सेप्ट दोनदा येतो. स्नॅपशॉट जोडून आवृत्ती बनवू नका. फुल फाइली एकत्र करा आणि स्नॅपशॉट स्वतः काढा.

'मूव्ह्ड टू' गाव सांगतो, घर सांगत नाही

आता खरोखरच निष्क्रिय झालेल्या कन्सेप्टकडे येऊ, म्हणजे जुना आयडी बंद आणि नव्या मालकाकडे नवा आयडी. कन्सेप्ट का निवृत्त झाला हे एका रेफसेटमध्ये (जादा माहिती जोडणाऱ्या तक्त्यात) असतं, ९०००००००००००४८९००७. तिथे ओळ शोधा. दुहेरी, कालबाह्य, संदिग्ध, चुकीचा अशी कारणं असतात. मालकी बदलल्यावर दिसणारं कारण म्हणजे 'मूव्ह्ड एल्सव्हेअर', ९०००००००००००४८७००९.

त्याच्या जागी काय घ्यायचं हे ऐतिहासिक नात्यांच्या रेफसेटांत असतं. 'सेम अ‍ॅज' (९०००००००००००५२७००५) आणि 'रिप्लेस्ड बाय' (९०००००००००००५२६००१) यांच्यात लक्ष्य म्हणून दुसरा कन्सेप्ट असतो, तो उचलायचा, काम झालं. 'मूव्ह्ड टू' (९०००००००००००५२४००३) ही जात निराळी. तिच्यात लक्ष्याच्या रकान्यात असतो नेमस्पेसचा कन्सेप्ट. निवृत्त झालेला आजार कोणत्या नेमस्पेसकडे गेला एवढंच कळतं. तिथे त्याचा नवा आयडी काय, हे त्या ओळीत नसतंच. अनेकांचे बदलीचे प्रोग्राम लक्ष्य दिसलं की डोळे मिटून ते वापरतात. मग रुग्णाच्या निदानाच्या जागी चक्क एक्स्टेंशन नेमस्पेसचा कन्सेप्ट बसलेला सापडतो. हा घोटाळा तपासायला सोपा आहे. बदलीच्या तक्त्यातलं कुठलंही लक्ष्य ३७०१३६००६ म्हणजे 'नेमस्पेस कन्सेप्ट' याच्या वंशात येत असेल तर ती बदली रद्द करा.

नवा आयडी हवा तर उलट दिशेने जावं लागतं. घेणाऱ्या संस्थेने आपल्या नव्या कन्सेप्टवर 'मूव्ह्ड फ्रॉम' (९०००००००००००५२५००२) ची ओळ काढलेली असेल तर तिच्या लक्ष्याच्या रकान्यात जुना आयडी असतो. म्हणजे बाकी सगळी नाती जुन्याकडून नव्याकडे जातात, आणि हे एक नातं नव्याकडून जुन्याकडे. बदलीचा तक्ता बनवताना याच्या दोन्ही बाजू उलटून घ्यायला हव्यात. आणि हे रेफसेट घेणाऱ्याच्या पॅकेजमध्ये येतं. ते पॅकेज तुम्ही लोडच केलेलं नसेल तर उत्तर तुमच्या डेटाबेसमध्ये कुठेही नाही, कितीही क्वेऱ्या लिहा.

'आम्ही ईसीएलमध्ये (स्नोमेडच्या क्वेरीच्या भाषेत) हिस्टरी-मॅक्स लावतो, त्यात सगळं येतं' असं ऐकू येतं. येत नाही. हिस्टरी-मिन फक्त 'सेम अ‍ॅज' बघतं, हिस्टरी-मॅक्स सगळी ऐतिहासिक नाती बघतं, हे खरं. पण दोन्ही विचारतात एकच गोष्ट, कोणत्या निष्क्रिय कन्सेप्टच्या नात्याचं लक्ष्य माझ्या संचातला कन्सेप्ट आहे? 'मूव्ह्ड टू'चं लक्ष्य नेमस्पेस, तेव्हा ते तुमच्या मधुमेहाच्या संचात कधीच येणार नाही. 'मूव्ह्ड फ्रॉम'ची दिशा उलटी, तेही येणार नाही. स्थलांतरित कन्सेप्टसाठी वेगळा तक्ता बनवल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रिटनमध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा हिस्टरी सब्स्टिट्यूशन टेबल नावाचा तयार तक्ता रिलीजसोबत देतं. रोजच्या कामात असाच तयार तक्ता लागतो. तो मिळत नसेल तिथे आपला आपण बांधायचा.

'मूव्ह्ड फ्रॉम'ही नसेल तर? मग माणसाने बसून शोधायचं. फुल्ली स्पेसिफाइड नेम (कन्सेप्टचं संपूर्ण, निःसंदिग्ध नाव) जुळवा, व्याख्येतली नाती जुळवा, आणि दोन्ही जुळली तरी वैद्यकीय जाण असलेल्या व्यक्तीची मान्यता घ्या. नुसत्या नावावरून जोडू नका. घेणारी संस्था कन्सेप्ट घेताना अनेकदा अर्थ थोडा घट्ट करते. 'मधुमेहासोबत' असलेलं 'मधुमेहामुळे' झालं की रुग्णाबद्दलचं विधान बदललं.

अधलीमधली फट

पुष्कळ प्रकरणांत दोन्ही बाजूंचं काम बरोबर असतं, फक्त तारखा जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय आवृत्ती पूर्वी ३१ जानेवारी आणि ३१ जुलै अशी वर्षातून दोनदा निघायची, २०२२ पासून दर महिन्याला निघते. अमेरिकेची आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. एक्स्टेंशन कोणत्या तारखेच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीवर उभं आहे हे मॉड्यूल डिपेन्डन्सी रेफसेटमध्ये (९०००००००००००५३४००७) लिहिलेलं असतं. समजा कन्सेप्ट एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आला, देणाऱ्या एक्स्टेंशनने आपल्या मे महिन्याच्या रिलीजमध्ये तो निवृत्त केला, पण ते मेचं रिलीज अजून जानेवारीच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीवरच उभं आहे. तर त्या एकत्रित आवृत्तीत जुना मेलेला आणि नवा अजून जन्मलाच नाही. ही फट किती दिवस राहील ते देणाऱ्याच्या पुढच्या रिलीजवर अवलंबून.

म्हणून एखादा कन्सेप्ट 'हरवला' की डिपेन्डन्सीच्या ओळीतली तारीख आणि नव्या मालकाच्या पॅकेजमधल्या पहिल्या ओळीची तारीख शेजारी शेजारी लिहा. पहिली दुसरीपेक्षा जुनी असेल तर निदान झालं. तुमच्या पातळीवर उपाय एकच, ते रिलीज थोडं थांबवा. ताज्या आंतरराष्ट्रीय फायली मध्येच घुसवून फट बुजवण्याचा मोह होतो, पण मग एक्स्टेंशनच्या व्याख्या ज्या आवृत्तीवर तपासल्या गेल्या तिच्यापेक्षा वेगळ्याच पायावर त्या उभ्या राहतात, आणि क्लासिफायर (व्याख्यांवरून उतरंड काढणारा प्रोग्राम) कुठे काय हलवेल ते कुणी पाहिलेलं नसतं.

मागे राहिलेला पसारा

कन्सेप्ट गेला, पण त्याला चिकटलेल्या गोष्टींचे मालक वेगवेगळे असतात. प्रत्येक वर्णनाला, भाषेच्या रेफसेटमधल्या प्रत्येक ओळीला, प्रत्येक मॅपला (दुसऱ्या कोडपद्धतीशी घातलेल्या जोडणीला) स्वतःचं मॉड्यूल आहे. कन्सेप्टचं मॉड्यूल बदललं म्हणून या ओळींचं आपोआप बदलत नाही.

सगळ्यात जास्त हाल स्थानिक भाषेतल्या नावांचे होतात. एखाद्या रुग्णालयाने रुग्णांना वाचता यावं म्हणून आपल्या मॉड्यूलखाली मराठी वर्णनं जोडलेली असतात. मूळ कन्सेप्ट दुसऱ्याने निवृत्त केला, नवा आयडी आला, आणि मराठी नाव जुन्या आयडीला लटकत राहिलं. डिस्चार्ज कार्डावर त्या एका ओळीपुरतं इंग्रजी परत आलेलं दिसतं. नियमाप्रमाणे निष्क्रिय कन्सेप्टवरची वर्णनं सक्रिय राहू शकतात आणि त्यांना 'कन्सेप्ट नॉन-करंट' (९०००००००००००४९५००८) अशी खूण केली जाते. पण ती नावं नव्या कन्सेप्टवर कुणी नेऊन ठेवत नाही. ते तुमचं काम आहे, आणि अर्थ तोच आहे याची खात्री करून, नव्या वर्णनाच्या रूपात करायचं.

रेफसेट आणि मॅप यांचंही तेच. तुमच्या ओपीडीच्या निवडीच्या याद्या, आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणाकडे जाणारे तुमचे स्थानिक मॅप, औषधांच्या सूचनांचे संच, प्रत्येकात निष्क्रिय झालेले सदस्य शोधा. एक्स्टेंशनमधल्या ज्या व्याख्यांत निष्क्रिय कन्सेप्ट पालक म्हणून किंवा मूल्य म्हणून आलाय त्या आधी दुरुस्त करा, कारण पालक गेला की त्याखालची सगळी फांदी क्लासिफिकेशननंतर भलतीकडे जाऊन बसते.

एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. तुमच्या मॉड्यूलमधला जुना कन्सेप्ट 'सेम अ‍ॅज'ने आंतरराष्ट्रीय कन्सेप्टकडे बोट दाखवतोय. तीन वर्षांनी तो आंतरराष्ट्रीय कन्सेप्टही निवृत्त झाला. ते त्यांच्या मॉड्यूलमधल्या ओळी दुरुस्त करतील, तुमच्या मॉड्यूलमधल्या ओळीला ते हात लावणार नाहीत. म्हणून बदलीचा तक्ता एका पावलावर थांबवू नका, सक्रिय लक्ष्य मिळेपर्यंत साखळी चालू द्या, आणि साखळी गोल फिरून पहिल्या जागी येत असेल तर तिथेच तोडून माणसाकडे पाठवा. नात्यांच्या ओळींनाही अ‍ॅक्टिव्हचा रकाना असतो हे विसरू नका. निवृत्त कन्सेप्ट कधी कधी पुन्हा सक्रिय होतो, तेव्हा त्याची जुनी बदली बंद केलेली असते. बंद ओळ तक्त्यात घेतली तर जिवंत कन्सेप्टही बदलला जातो.

रुग्णाच्या नोंदीत हात घालू नका

दबाव असा येतो की एकदाच अपडेट चालवा, सगळे जुने कोड नव्याने बदला, रोजची कटकट संपवा. हे करू नका. डॉक्टरांनी त्या दिवशी जे निवडलं ते त्या नोंदीचं सत्य आहे. कोड, त्या वेळी दिसलेलं नाव आणि त्या वेळची आवृत्ती, तिन्ही जसंच्या तसं राहू द्या. बदली क्वेरीच्या वेळी करा. अहवालासाठी कन्सेप्टचा संच काढताना बदलीच्या तक्त्यातून त्यात जुने कोड मिळवा आणि मग नोंदी शोधा. चूक निघाली तर तक्त्याची एक ओळ सुधारली की झालं. नोंदीच बदलल्या असतील तर मागे जायला वाट नाही.

अहवालासाठी 'सेम अ‍ॅज' आपोआप वापरायला हरकत नाही. 'रिप्लेस्ड बाय' वापरता येईल, पण त्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. 'पॉसिबली इक्विव्हॅलंट टू' मात्र आपोआप कधीच नाही. तिथे एका संदिग्ध कन्सेप्टला अनेक पर्याय असतात आणि त्यातला या रुग्णाचा कोणता, हे फक्त त्याला तपासणारा डॉक्टर सांगू शकतो. रुग्ण पुढच्या वेळी आला की समस्यांच्या यादीत ही नोंद ठळक दाखवा आणि डॉक्टरांना नव्याने निवडू द्या.

तुम्ही देणारे असाल तर

वरचं बहुतेक सगळं देणाऱ्या बाजूने थोडी काळजी घेतली तर टळतं. स्नोमेडमध्ये यासाठी 'पेन्डिंग मूव्ह' (९०००००००००००४९२००६) ही खूण आहेच. कन्सेप्ट सक्रिय राहतो, फक्त जाहीर होतं की तो हलणार आहे. घेणाऱ्याचं रिलीज बाहेर येईपर्यंत आणि तुमची डिपेन्डन्सी त्या रिलीजवर येईपर्यंत तो याच अवस्थेत ठेवा. मग आयडी तोच राहत असेल तर तुमच्याकडून निष्क्रिय ओळ काढूच नका. आयडी बदलत असेल तर 'मूव्ह्ड एल्सव्हेअर' आणि 'मूव्ह्ड टू'च्या ओळी काढा, आणि घेणाऱ्याकडून 'मूव्ह्ड फ्रॉम' येणार आहे ना, हे लेखी पक्कं करा. जुना-नवा आयडी यांचा साधा तक्ताही टेक्स्ट फाइलमध्ये रिलीजसोबत द्या. नियमात तो बसत नसला तरी वापरणाऱ्याला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आणि ज्या कंपनीने किंवा रुग्णालयाने नेमस्पेस घेतला ते बंद पडण्याआधी, विकलं जाण्याआधी, आपल्या फुल फाइली कुणाच्या तरी हवाली व्हायला हव्यात. आपल्याकडे स्नोमेड सीटीचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आहे. भारत २०१४ मध्ये सदस्य झाला आणि २०१६ च्या सुधारित ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत स्नोमेड सीटी आहे. जी रुग्णालयं तेव्हापासून नोंदी करताहेत त्यांच्या डेटाबेसमध्ये आता वर्षानुवर्षांचे कोड साठलेत. हस्तांतरांचा खरा भार इथून पुढे येणार आहे.

केंद्राकडे किंवा घेणाऱ्या संस्थेकडे तक्रार पाठवताना 'कोड चालत नाही' एवढंच लिहिलं तर पत्रव्यवहारातच दिवस जातात. आयडी टेक्स्ट म्हणून द्या, फुल फाइलमधल्या त्याच्या सगळ्या ओळी मॉड्यूलसकट द्या, निवृत्तीचं कारण आणि ऐतिहासिक नात्यांच्या ओळी असतील तर त्या द्या, नसतील तर नाहीत असं स्पष्ट लिहा. तुमच्या आवृत्तीतल्या प्रत्येक पॅकेजची तारीख आणि डिपेन्डन्सीची ओळ जोडा. कोणत्या कामाला फटका बसतोय तेही सांगा, अहवालाला की अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्याला. इशाऱ्याचं प्रकरण असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, आणि उत्तर येईपर्यंत तो जुना कोड इशाऱ्याच्या संचात हाताने घालून ठेवा.